एका मित्राचा टोप

जेवताना बायकोनं डाव्या हातात फोन धरला आणि हवामानाचा अंदाज सांगावा तशा आवाजात वाचून दाखवलं, "एक पूर्णांक सात. पाचापैकी."

टोपवाल्यांनी विचारलं, कशाला एक पूर्णांक सात?

"तुमच्या दुकानाला. तरीच म्हटलं, इतक्यात नवीन माणूस जिना का चढत नाही."

टोपवाले गेली अठ्ठावीस वर्षं केसांचे टोप बनवत होते. बारीक जाळी, तिच्यात सुईनं ओवलेला एकेक केस, आणि कपाळापाशी अशी विरळ कड की केस तिथूनच उगवलेत असं वाटावं. त्यांच्या हातचा टोप आजवर कुणालाही ओळखता आला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि धंद्याचं वाटोळंही त्यातच होत होतं. ज्याचा टोप फसला तो गावभर बोंबलणार, आणि ज्याचा साधला तो मरेपर्यंत तोंडातून ब्र काढणार नाही. दुकानाला पाटी नव्हती. जिना शेजारच्या दंतवैद्याबरोबर सामाईक होता, त्यामुळे गिऱ्हाईक घरी दात दाखवायला जातो असं सांगून यायचं. न्यायाधीशसाहेबांच्या पत्नी तर चारचौघींत सांगायच्या, की ह्यांच्याइतके किडके दात गावात दुसऱ्या कुणाचे नसतील.

एक पूर्णांक सात हा आकडा तीन नागरिकांनी मिळून घडवला होता. पहिला नागरिक टोप घालून जत्रेतल्या उंच पाळण्यात हात वर करून बसला होता आणि टोप परत खाली आला नाही याबद्दल त्यानं दुकानाला एक तारा दिला होता. दुसरा चुकीच्या दारात शिरला होता. "दात काढून देत नाहीत," एवढंच लिहून त्यानंही एकच तारा दिला होता. तिसरा दुकानात आलाच नव्हता, पण जिन्याचा कठडा त्याला बरा वाटला, म्हणून त्यानं उदार मनानं तीन दिले होते.

एरवी टोपवाल्यांनी हे हसण्यावारी नेलं असतं. पण तळमजल्यावरच्या शिंप्याचा वरच्या खोलीवर डोळा होता. त्याला कापड बेतायचं मोठं टेबल मांडायचं होतं. इमारतीच्या मालकानं गोड शब्दांत सांगितलं होतं, की काम चालू असेल तर खुशाल राहा, नसेल तर वर्षाअखेर खोली मोकळी करा. आणि काम कसं चालणार? टक्कल पडलेला माणूस कित्येक महिने धीर गोळा करतो, कसाबसा जिन्याशी येतो, तिथं उभा राहून फोनमध्ये तारे बघतो आणि टोपी घालून घरी जातो.

"माझ्या भावाला बोलावते," बायको म्हणाली. "तो हेच काम करतो."

मेहुण्यानं आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली होती, मग विमा विकला होता, आणि विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो सल्ला विकू लागला होता. हल्ली तो ऑनलाइन प्रतिमा सल्लागार होता. त्याच्या स्वतःच्या प्रतिमेत मुख्य वाटा केसांचा होता: दाट, कुरळे, मागं वळवलेले. "आमच्या माहेरी सगळ्यांचेच केस असे," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि टोपवाले त्यावेळी खाली मान घालून जेवायचे. कारण ते केस त्यांनीच बनवले होते. मेहुण्यानं नऊ वर्षांपूर्वी दारं-खिडक्या लावून शपथ घ्यायला लावली होती आणि टोपवाल्यांनी ती पाळली होती. कुणाचं कुणाला सांगायचं नाही, हा धंद्याचा एकमेव नियम होता आणि तो बायकोलाही लागू होता.

मेहुणा आला, चहा प्यायला आणि म्हणाला, की काम चांगलं असण्याला आता काही किंमत नाही, चांगलं आहे असं लोकांनी म्हटलं पाहिजे. टोपवाल्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावावेत आणि चार ओळी लिहायची विनंती करावी.

पहिला फोन मुख्याध्यापकांना गेला. ते सोळा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी टोपवाल्यांचा आवाज ओळखला आणि मोठ्यानं सांगितलं, की राँग नंबर आहे, इथं असं कुणी राहत नाही. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. मागं नळ वाहत होता. ते कुजबुजत म्हणाले, की बायको बाहेर बसली आहे, आणि हे लिहिण्यापेक्षा राजीनामा लिहिणं सोपं. न्यायाधीशांनी विषय आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरचा असल्याचं सांगितलं. केसवाढीच्या तेलाचे विक्रेते काही बोललेच नाहीत; त्यांच्या प्रत्येक बाटलीवर त्यांचाच फोटो होता, भरघोस केसांचा.

"दाजी, तुम्ही विचारता चुकीचं," मेहुणा म्हणाला. "स्वतःचं कोण सांगेल? मित्राचं सांगू दे ना."

आणि नमुना म्हणून त्यानं स्वतःच्या फोनवरून पहिला अभिप्राय टाकला, पाच ताऱ्यांसकट: 'माझ्या एका जवळच्या मित्राला इथल्या टोपाचा उत्तम अनुभव आला. मला स्वतःला अर्थातच गरज नाही.'

ही युक्ती सगळ्यांना पटली. इतकी वर्षं मनात साठलेली कृतज्ञता मित्राच्या नावावर का होईना, बाहेर काढायची सोय झाली होती. आठवडाभरात तेवीस अभिप्राय आले, सगळे पाच ताऱ्यांचे. कुणाच्या मित्राला पावसात भिजूनही काही झालं नव्हतं, कुणाच्या मित्राचं दुसरं लग्न झालं होतं. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांनी नमुन्यातूनच उचललं होतं: 'मला स्वतःला अर्थातच गरज नाही.' एक पूर्णांक सातचे चार पूर्णांक सहा झाले. शिंपी जिन्यात भेटला तर त्याचं तोंड एवढंसं झालेलं. टोपवाल्यांनी त्या दिवशी बायकोसाठी नवी छत्री आणली.

त्याच रात्री जेवताना बायको वाचत बसली होती. "ह्या सगळ्यांचा मित्र एकच आहे का हो?"

टोपवाल्यांनी मान वर केली. सगळ्यांचा म्हणजे कोणाचा?

"हे काय, नावं आहेत ना. फोटोसुद्धा. मुख्याध्यापक आहेत, न्यायाधीश आहेत, ते तेलवाले आहेत. आपला भाऊपण आहे, किती छान आलाय फोटो."

टोपवाल्यांनी घास खाली ठेवला आणि फोन आपल्याकडे ओढला. घराबाहेर पडताना तीनदा आरसा बघणारी ही माणसं. वारा सुटला तर भिंतीच्या आडोशानं चालणारी. आणि त्यांनी आपल्या नावानं, आपल्या हसऱ्या चेहऱ्यानं टोपाच्या दुकानाची तारीफ केली होती, कारण नाव आणि फोटो आपोआप लागतात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सल्लागाराच्याही नाही.

गावानं आधी त्या मित्राचा शोध घेतला. संशय बँकेतल्या रोखपालावर गेला, कारण त्याचे केस फारच चांगले होते. ते खरे आहेत याची खात्री एका आजीबाईंनी खिडकीतून हात घालून करून घेतली. मग शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत शांतपणे सांगितलं, की मित्र वगैरे कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले, की सगळी मुलं त्यांच्या डोळ्यांच्या वीतभर वर बघू लागली.

मुख्याध्यापक तावातावानं जिना चढून आले, तर दुकानात तेलवाले आधीच बसलेले. सोळा वर्षं एकाच खुर्चीत आळीपाळीनं बसूनही दोघांची इथं कधी गाठ पडली नव्हती. मुख्याध्यापकांनी तेलवाल्यांच्या डोक्याकडे बघितलं. टोप घेण्याआधी त्यांनी तीन वर्षं हेच तेल रोज चोळलं होतं.

"म्हणजे ते तेल..." मुख्याध्यापक म्हणाले.

"तेलाचं नंतर बोलू," तेलवाले म्हणाले. "आधी हे अभिप्राय काढायला सांगा."

मेहुण्याला बोलावणं गेलं. त्याची अवस्था याहून वेगळी नव्हती, पण ते दाखवण्याची सोय नव्हती. तो म्हणाला, की अभिप्राय काढून टाकला तर लोक म्हणतील काहीतरी लपवतायत. त्यापेक्षा तो उलटा करायचा. पाच ताऱ्यांचा एक तारा करायचा आणि खाली लिहायचं, की आपला या दुकानाशी संबंध नाही.

"आणि माझं दुकान?" टोपवाल्यांनी विचारलं.

यावर तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. टोपवाल्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. ह्या तिन्ही डोक्यांवरचा केस न् केस त्यांनी डोळे फोडून ओवला होता. पण गिऱ्हाइकाची अब्रू वाचत असेल तर त्यांच्याच्यानं नाही म्हणवेना. करा, म्हणाले.

दोन दिवसांत तेवीसच्या तेवीस फिरले. मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'या दुकानाची पायरी मी कधीही चढलेलो नाही. माझे केस वडिलोपार्जित आहेत.' तेलवाल्यांनी लिहिलं, की आपले केस तेलाचे आहेत, आणि खाली बाटली मिळण्याचा पत्ता दिला. न्यायाधीशांचा खुलासा सात मुद्द्यांचा होता आणि शेवटी त्यांनी स्वतःला निर्दोष ठरवलं होतं. मेहुण्यानं लिहिलं, 'मालक माझे नातेवाईक आहेत, त्यामुळे सांगताना दुःख होतं. इथं जाऊ नका.' बायकोनं ते वाचलं आणि दोन दिवस टोपवाल्यांशी धड बोलली नाही. भाऊ असं लिहितो म्हणजे यांनीच त्याला दुखावलं असणार, असं तिचं म्हणणं. टोपवाले खाली मान घालून जेवले.

आकडा एक पूर्णांक एकवर आला. एवढा कमी आकडा गावात कुणाचाच नव्हता, पोलीस ठाण्याचासुद्धा नाही. शिंपी टेप घेऊन वर आला, खोलीची लांबी-रुंदी मोजली आणि खिडकी कुठल्या बाजूला उघडते तेही विचारून गेला. टोपवाल्यांनी टोप बसवायची लाकडी मुंडकी पोत्यात भरायला घेतली.

पोतं अर्धं भरलं होतं तेव्हा दारात एक परगावचा माणूस उभा राहिला. डोक्यावर टोपी, कानापर्यंत ओढलेली. तो म्हणाला, त्याला टोप करून हवाय.

टोपवाल्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, तुम्ही आमचे तारे नाही का पाहिले?

"पाहिले म्हणून तर आलो," तो म्हणाला. "आधी गेलो होतो तिथं पाचशे लोकांनी पाच-पाच स्टार दिले होते. त्यांनी काय दिलं ते बघा." त्यानं टोपी काढली. खाली जे होतं ते बघून टोपवाल्यांना गलबलून आलं. पायपुसणंही बरं म्हणायची वेळ होती. "आणि इथं तेवीस माणसं जिवाच्या आकांतानं ओरडतायत, की केस आमचेच आहेत. मी एकेक फोटो मोठा करून पाहिला हो. एकाचीही कड सापडली नाही. न्यायाधीश एवढं खोटं बोलतोय म्हणजे काम काय दर्जाचं असेल?"

टोपवाल्यांनी त्याला खुर्चीत बसवलं. त्यांनी पोत्यातून एक मुंडकं परत बाहेर काढलं.

त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, मग तिघं एकदम आले. दंतवैद्य कुरकुरू लागला, की त्याच्या बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचे दात ठणठणीत असतात. मालकानं शिंप्याला सांगितलं, टेबल लहान घे. आणि टोप घालून आरशात बघून ज्याचे डोळे भरून येत, त्याला टोपवाले नम्रपणे सांगू लागले, की समाधान झालं असेल तर एक तारा द्या. दोन नको, दोन दिले की लोकांना वाटतं तुम्हाला लपवण्यासारखं फारसं काही नाही. गिऱ्हाइकं जीव ओतून शिव्या लिहीत. दुकानाची बदनामी आता चांगली दूरवर पसरली होती आणि मेहुणा ती आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवत फिरत होता.

सगळं असं सुरळीत चाललं असताना एके दिवशी पाच तारे पडले.

टोपवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खाली बायकोचं नाव होतं, फोटोही होता, नव्या छत्रीसकट. तिनं लिहिलं होतं, 'ह्यांच्याबद्दल लोक काय वाटेल ते लिहितात ते आता बघवत नाही. मी यांची बायको. हा माणूस कुणाचं गुपित कुणाला सांगत नाही. माझ्या भावाच्या डोक्यावरचं यांनीच केलंय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, लहानपणी त्याचं डोकं मीच धुवायचे. नऊ वर्षं वाट बघतेय, यांनी मलासुद्धा सांगितलेलं नाही. असा माणूस शोधून सापडायचा नाही.'

टोपवाल्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं आपल्याबद्दल चांगलं म्हटलेलं त्यांनी आज पहिल्यांदा वाचलं, आणि तेही सगळ्या जगाबरोबर. फोन वाजला. मेहुणा होता. त्याला धाप लागली होती आणि ताईला समजवा, ताईला आत्ताच्या आत्ता समजवा, एवढंच तो म्हणत होता.

टोपवाल्यांनी घरी जाऊन समजवून पाहिलं. बायको म्हणाली, "माझं मत आहे ते. मी बदलणार नाही."

दुकानाचा आकडा एक पूर्णांक एकवरून एक पूर्णांक दोनवर गेला. धंद्याच्या दृष्टीनं हे नुकसानच होतं, पण तेवढं नुकसान टोपवाल्यांनी सोसायचं ठरवलं.