झाकलेल्या शिल्पांची कहाणी

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती. अंगभर काटे, पण बोलणं मऊ. व्रतांची तिला भारी आवड. सोमवार तिचा, शनिवार तिचा, चतुर्थी तर घरचीच. त्या साळूबाईने एकदा वनदेवीपुढे हात जोडून नवस बोलला होता, "आई, माझ्या लेकीने, कुसळीने, शाळेत केलेलं शिल्प उघड्यावर, उन्हावाऱ्यात उभं राहिलेलं बघू दे. मलाही आणि तिलाही. तोवर मी रताळं तोंडाला लावणार नाही."

साळिंदराने रताळं सोडायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही मोबाइल सोडून बघा, म्हणजे कळेल.

शेजारच्या घोरपडे वहिनींनी विचारलं, "अहो, मग एकादशीला काय खाणार?"

"काही नाही."

"म्हणजे खरोखरचा उपवास? अगंबाई! इतकं कडक कुणी करतं का?"

आता असा नवस का बोलावा लागला, ते ऐका.

त्या जंगलात एक हायस्कूल होतं. बगळे सर तिथले मुख्याध्यापक. एका पायावर तासन्‌तास उभे असायचे, आणि पालक म्हणायचे, सर विचार करताहेत. त्या वर्षी सरांनी दहावीच्या मुलांना सांगितलं, "शाळेसमोरच्या माळावर शिल्पं उभारा. रानात जे मिळेल त्याचीच करा."

मुलं हरखली. पाणमांजराच्या पोरांनी नदीतले गोटे एकावर एक रचले. सशांनी फांद्या वाकवून कमान केली. कुसळीने आईचे गळलेले काटे गोळा करून ठेवले होते. ते वेलींनी बांधून तिने एक भलंमोठं, गोल, आतून पोकळ असं काहीतरी केलं. वारा आत शिरला की काटे एकमेकांवर वाजतील, अशी तिची कल्पना.

"वाजतं का गं?" साळूबाईने विचारलं.

"वर्गात वारा कुठे असतो, आई? माळावर नेल्यावर कळेल."

शिल्पं माळावर गेली. आणि वारा सुटायच्या आत बगळे सरांनी प्रत्येकावर कापड टाकून दोरी आवळली.

"सर, हे काय?" कुसळीने विचारलं.

"अनावरण व्हायचंय. शिक्षणमंत्री हत्तीसाहेब येणार आहेत. त्यांच्या सोंडेने कापड निघेपर्यंत कुणी बघायचं नाही."

"मीसुद्धा?"

"तू तर मुळीच नाही. तू विद्यार्थिनी आहेस."

हत्तीसाहेब येणार होते, यात शंका नव्हती. फक्त येत नव्हते. आधी त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. मग निवडणूक लागली आणि आचारसंहिता आली. मग साहेब दुष्काळाच्या पाहणीला गेले आणि तिथे इतकं जेवले की आठवडाभर उठलेच नाहीत. तोवर कुसळीच्या शिल्पावरचं कापड फाटलं, कारण आतून काटे टोचत होते. सरांनी ताबडतोब उपाय केला. जाडजूड निळी ताडपत्री आणून पक्की आवळली.

हळूहळू काय झालं, बाळांनो, लोकांना ताडपत्री आवडू लागली. येणारेजाणारे थांबून बघायचे. "काय भव्य आहे!" म्हणायचे. "आत काय आहे?" असं एका कोकराने विचारलं, तर त्याच्या आईने त्याला दटावलं, "कलेतलं कळत नाही तर गप्प बसावं."

मग आली घुबडांची कलासमिती. समिती सरकारी, त्यामुळे आली ती भर दुपारी. घुबडांना दिवसा काडीचं दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण घुबडं असं कबूल थोडंच करतात? त्यांनी ताडपत्रीवरून पंख फिरवला. "अहाहा! केवढा संयम! या वयात एवढं न दाखवण्याची ताकद!" असं म्हणून त्यांनी शाळेला पहिला पुरस्कार देऊन टाकला.

झालं! शेजारच्या जंगलातल्या शाळांनी तर शिल्पं करणंच सोडलं. नुसते दगड आणायचे आणि झाकायचे. मुलांचाही वेळ वाचला, अभ्यासाला बरा.

इकडे परीक्षा झाली, निकाल लागला. कुसळी पास झाली. पुढच्या शिक्षणासाठी तिला डोंगरापलीकडच्या रानात जायचं होतं.  एक दिवस ती म्हणाली, "आई, मी काय केलंय ते मलाच माहीत नाही. तिकडे जाऊन काय सांगू, मला शिल्प येतं म्हणून?"

 साळूबाई तडक बगळे सरांकडे गेली.

"सर, पोरगी चालली हो. घटकाभर उघडा ना. तिला बघू दे, मग पुन्हा झाका."

"साळूबाई, तुम्ही साध्या बाई. पुरस्कार कशाला मिळालाय? ताडपत्रीला. ती काढली आणि आतलं समितीला आवडलं नाही, तर?"

"पण शिल्प तर आत आहे."

"म्हणूनच तर धोका आहे!"

साळूबाई बिचारी परत फिरली. पण मनात म्हणाली, देवळाचं दार बंद असलं म्हणून कुणी प्रदक्षिणा घालायचं थांबतं का? देव दिसत नाही तर नाही. फेरे तर घालता येतात. तिने तिथल्या तिथे वनदेवीला शब्द दिला, कुसळीच्या शिल्पाला महिनाभर रोज सकाळी फेरे घालीन.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती माळावर गेली. हात जोडले, डोळे मिटले आणि चालू लागली. अगदी खेटून चालली, कारण लांबून घातलेली प्रदक्षिणा म्हणजे नुसतं फिरायला जाणं, असं तिचं मत. नामस्मरणात ती रंगली की तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहायचे. तसे राहिले. पहिल्या फेऱ्यात दोरी तुटली. दुसऱ्यात ताडपत्री अडकली. तिसऱ्यात ती सगळीच्या सगळी निघून साळूबाईच्या मागे फरफटत चालली, आणि साळूबाई आपली डोळे मिटून, "आई जगदंबे, आई जगदंबे."

तेवढ्यात माळावर वारा आला.

आधी बारीक किणकिण झाली. मग सगळे काटे एकदम सळसळले. साळूबाईने डोळे उघडले. शाळेत दाखला घ्यायला आलेली कुसळी दप्तर टाकून धावत सुटली.

"आई, वाजतंय!"

तिने शिल्पाभोवती एक चक्कर मारली. वाकून पाहिलं, कान लावला. मग तिचा चेहरा पडला आणि लगेच उजळला. "अगं, या बाजूचे मी फार घट्ट बांधलेत. ते मुकेच राहिलेत बघ. सैल बांधायला हवे होते. पुढच्या वेळी कळेल मला!"

पुढच्या वेळी, असं लेक म्हणाली. साळूबाईला आणखी काय हवं होतं? तिने जागच्या जागी देवीला नमस्कार घातला. नवस फिटला!

गर्दी जमली. "आत एवढंच होतं?" कुणीतरी म्हणालं. "ताडपत्रीला काय सुंदर घड्या पडायच्या!" घोरपडे वहिनी हळहळल्या. कोकरू मात्र कान टवकारून बसलं ते उठेचना.

बगळे सर धापा टाकत आले. "साळूबाई, काय करून बसलात! पुरस्कार परत जाईल! आत्ताच्या आत्ता शिवून द्या."

"चुकलं हो सर. डोळे मिटलेले होते." साळूबाईने आपल्याच पाठीचा एक काटा काढला, त्यात दोरा ओवला आणि ताडपत्री छान शिवून, पूर्ववत घालून दिली. मग म्हणाली, "उद्या कितीला येऊ शिवायला?"

"उद्या कशाला?"

"फेरे महिनाभर बोललेत ना. मध्येच थांबले तर देवी कोपते. माझ्यावर नाही हो कोपायची, ज्याने थांबवलं त्याच्यावर."

सर हत्तीसाहेबांना भीत होते, समितीला भीत होते. आता त्यात देवीची भर पडली. शेवटी असं ठरलं की सकाळी फेरे आणि दुपारी शिवण. त्यामुळे सकाळभर शिल्प उघडं आणि दुपारी घुबडांसाठी झाकलेलं. कुसळी जायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी माळावर होती. तिच्याबरोबर कोकरू.

एक दिवस पाणमांजरीण लाजत लाजत आली. "साळूबाई, आमच्या पोरांच्या गोट्यांनाही घालाल का हो एक फेरा?"

"मी कशाला? मला काटे आहेत, तुम्हाला दात आहेत. व्रत सगळ्यांना मोकळं आहे."

तात्पर्य: मुलांच्या हातचं काम नेहमी झाकून ठेवावं. उघडं ठेवलं तर त्यांना आपल्या चुका आपणच दिसतात, ती पुढच्या वेळी आणखी चांगलं करतात, आणि मग पुरस्कार द्यायला मोठ्यांची गरजच उरत नाही.

तरी बाळांनो, एक विनंती आहे. तुमच्या शाळेच्या पटांगणात दोरीने आवळून ठेवलेलं काही दिसलं, तर त्याला मनोभावे एक फेरा घाला. अगदी खेटून. काटे नसले तर दप्तराचं बक्कल चालतं. डोळे तेवढे मिटलेले ठेवा.