कोल्हिणीच्या पोराची सावली

एका जंगलात, बाळांनो, न्याय भरपूर होता. काहींच्या वाट्याला तो रोज यायचा, काहींच्या वाट्याला कधीच यायचा नाही. ज्यांच्या वाट्याला यायचा नाही, ते सुखात होते.

या जंगलातला एक कायदा फार दयाळू होता. एखाद्या पिल्लाकडून काही आगळीक झाली, तर ते अजाण आहे की जाणतं, हे आधी बघायचं. अजाण असेल तर कान धरून घरी सोडायचं. जाणतं असेल तर बालसुधार गुहेत ठेवायचं. आता हे ओळखायचं कसं? तर पिल्लाला उन्हात उभं करायचं आणि त्याची सावली काठीने मोजायची. सावली काठीहून आखूड भरली तर अजाण, लांब भरली तर जाणतं. काठी सगळ्यांना एकच होती. जंगलाला या गोष्टीचा भारी अभिमान होता.

टेकडीवर तानू नावाची कोल्हीण राहायची. तिला एकच पोरगा, बारक्या. त्याची शुभ्रकुमार नावाच्या सशाच्या पोराशी गट्टी जमली होती. तानूला ही दोस्ती पसंत नव्हती. बड्या घरच्या पोरांशी खेळू नकोस, खेळ दोघांचा आणि मार तुझ्या एकट्याला, असं ती बारक्याला बजावायची. बारक्या हो म्हणायचा आणि खेळायला जायचा.

एके दिवशी दोघांनी राजाच्या मळ्यातलं कलिंगड पळवलं. देठ शुभ्रकुमारने कुरतडला, कलिंगड बारक्याने ढकलत टेकडीवर नेलं, आणि खाल्लं दोघांनी मिळून. पहाऱ्यावरचे रानकुत्रे चोर शोधायला निघाले, ते नेहमीप्रमाणे थेट कोल्ह्यांच्या टेकडीवर. दुसरीकडे बघायची त्यांची पद्धतच नव्हती. तिथे लालभडक तोंडाची दोन पिल्लं सापडली. त्यांतलं एक सशाचं निघाल्यावर रानकुत्रे बिचारे ओशाळले.

न्यायाला बसायचे सांबरसाहेब. स्वभावाने अगदी देवमाणूस. त्यांच्याकडे हरणं, ससे आणि मोर यांची कामं आधी घेत, कारण ही मंडळी घाईत असत. कोल्हे, घुशी आणि साळिंदर यांची मागून घेत, कारण त्यांना ताटकळायची सवय असते असं साहेबांचं मत होतं.

तेव्हा शुभ्रकुमारची सावली मोजली गेली भर दुपारी. ती त्याच्या पोटाखालीच कुठेतरी होती. मोजणाऱ्याला वाकून शोधावी लागली. साहेबांना गहिवरून आलं. वाढतं वय आहे, थोडी मस्ती चालायचीच, असं म्हणून त्यांनी त्याला सोडून दिलं. कायद्याप्रमाणे कान धरायला हवा होता, पण सशाचे कान नाजूक, म्हणून तेही राहिलं.

बारक्याला पुकारलं तेव्हा दिवस कलला होता. त्याची सावली अंगणभर पसरली आणि साहेबांच्या खुरांपर्यंत गेली. साहेबांनी पाय आखडून घेतले. एवढ्याशा वयात इतका जाणतेपणा त्यांनी पाहिला नव्हता.

तानू पुढे झाली. "साहेब, कालपरवापर्यंत अंगावर पीत होतं हे पोर," ती म्हणाली. "त्याला दुपारी मोजा. सशाच्या पोराला मोजलंत तसं. दुसरं काही मागत नाही मी."

साहेब न्यायी होते. मागणी रास्त आहे, असं त्यांनी चारचौघांत मान्य केलं. दुपारची तारीख दिली आणि तोवर बारक्याला गुहेत ठेवायला सांगितलं.

गुहेत बारक्याला मुळीच परकं वाटलं नाही. सगळी टेकडीकडचीच पोरं. कोल्ह्यांची होती, घुशींची होती, साळिंदरांची होती. जंगल हरणांनी नुसतं भरलेलं, पण गुहेत एक पाडस औषधालाही नव्हतं. पुढे हरणांची एक समिती पाहणीला आली. तिच्याही हे ध्यानात आलं. गुहेवरच्या अस्वलाने खुलासा केला, की इथली हवा याच जातींना मानवते. समितीला ते पटलं. चोर कुठून येतात हे आता उघडच झालं होतं, म्हणून टेकडीवर आणखी रानकुत्रे नेमावेत आणि गुहा जरा ऐसपैस करावी, असं तिने सुचवलं.

तानू तारखेला सकाळीच येऊन बसली. आधी मोरांचं भांडण निघालं, मग सशांचं. बारक्याला पुकारेपर्यंत ऊन उतरलं. पुढची तारीख मिळाली. त्या दिवशी आभाळ भरून आलं. त्याच्या पुढच्या तारखेला साहेबांची पाठ धरली. दर खेपेला तानू जाताना गुहेच्या फटीला तोंड लावून सांगायची, की आता पुढल्या वेळी दुपारी मोजतील हं. आतला आवाज घोगरा होत चालला होता. तानूने तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं असतं तर तिला पुढची तारीख गाठता आली नसती.

अखेर ती दुपार आली. आभाळ कोरं, अंगण रिकामं, साहेबांची पाठ बरी. बारक्याला बाहेर आणलं. तो तानूपेक्षा टीचभर उंच झाला होता. मिशा फुटल्या होत्या. तो उन्हाच्या ऐन मध्यावर उभा राहिला. सावली सगळी अंगाखालीच पडली होती, पण आता अंगच केवढं तरी होतं. काठी लावली. काठी कमी पडली.

"बघा बाई," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दुपारी मोजलं. आम्ही पहिल्या दिवशी वेगळं काय सांगत होतो?"

एवढ्या थोरल्याला पिल्लांत ठेवणं बरं दिसेना. त्याला मोठ्यांच्या तुरुंगात हलवायचा हुकूम झाला.

बारक्याला यातलं काही कळलं नव्हतं. तो आईकडे बघून हसला. "आई, दुपारी मोजलं ना? मग आता घरी जायचं ना?"

तानूला साहेबांचा राग यायला हवा होता. पण राग आला तो स्वतःचाच, दुपार मागितली म्हणून.

तात्पर्य: न्यायाला उशीर लागला म्हणून कुरकुर करू नये. निकाल चुकला आहे असं वाटलं, तर तो बरोबर ठरेपर्यंत धीर धरावा. आणि पिल्लांनो, तुम्ही मात्र एवढंच करा, जन्माला येताना जरा नीट बघून या.