तीन दिवसांचं सरबत

आमच्या राजेश्वर गावात कुणाच्याही घरी गेलात तर सरबत पेल्यातून मिळेल. काशिनाथअप्पांच्या घरी ते औंसात मोजून मिळतं.

अप्पा पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरी सुटली, हाताची सवय सुटली नाही. परसात दोन लिंबं, एक कवठ, फालशाची झुडपं, पुदिना आणि गवती चहा. यांचं अप्पा करतात सरबत, पण बाटलीत भरतात ते औषध. औषधाच्याच जुन्या चपट्या बाटल्या, तळाशी फडकं घातलेल्या पातेल्यात उकळून घ्यायच्या, उलट्या वाळवायच्या, गरम रस भरायचा आणि बुचावर मेण ओतायचं. मग बाजूला कागदाची पट्टी चिकटवायची, डोसाच्या खाचा कापलेली. वर बारीक अक्षरात सूचना: जेवणानंतर, हलवून घ्यावे. फालशाचं सरबत जेवणाआधी घेतलं तर काय होतं, असं मी एकदा विचारलं.

"घ्या की," अप्पा म्हणाले. "पण मग मी जबाबदार न्हाई."

माझ्या पुतणीला बघायला निर्णा गावचे पाहुणे यायचे होते, तेव्हा मी अप्पांकडे फालशाच्या दोन बाटल्या मागितल्या. बाटल्यांबरोबर अप्पाही आले, हातात औंसाचा पेला घेऊन. पाहुण्यांना एकेक औंस देत ते मुलाच्या आईपर्यंत पोचले आणि पोट साफ होतं का म्हणून विचारते झाले. बैठक गार पडली. माझ्या जावेनं पदराआड कपाळाला हात लावला. पण त्या बाईंनी क्षणभर अप्पांकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली, ती पंधरा मिनिटं सांगत होत्या. त्यांच्या घरी हे कुणी कधी विचारलं नसावं. लग्न ठरलं. मुलगी कशी वाटली, हे त्यांनी जाताना दारात सांगितलं.

अप्पांची बाटली बरोबर तीन दिवस पुरते. हातात देताना ते न चुकता म्हणतात, "तीन दिवसांनी दाखवा." दाखवायची रिकामी बाटली, आणि स्वतःलाही. त्यामुळं आमच्या गल्लीतली चौदा घरं दर तीन दिवसांनी त्यांच्या ओसरीवरच्या बाकावर येऊन बसायची. एकेकीला दहा मिनिटं. गुण आला का, झोप लागती का, गुडघा काय म्हणतो, लेकीचे दिवस भरत आले का. सरबताची बाटली सगळ्यात शेवटी.

समोरची सुगलाअक्का या चकरांना कंटाळली. "कामून मारायलाव आमी ह्या चकरा?" ती मला म्हणाली. "एकदाच मोठी बाटली द्या म्हणावं की. बाई, तुमीच सांगा त्यांना, तुमचं ऐकतेत."

मी शाळेची मुख्याध्यापिका. गल्लीत काही सुरळीत लावायचं असलं की माझ्याकडे येतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. मी यादी केली. चौदा घरं, महिन्याच्या दहा चकरा, प्रत्येकीची दहा मिनिटं. आकडा बघून माझंच डोकं फिरलं. हुमनाबादहून दोन-दोन लिटरच्या चौदा बरण्या आणल्या आणि अप्पांना समजावलं, दोन महिन्यांतून एक सकाळ, सगळ्यांना एकदम वाटप, मग तुम्ही मोकळे.

अप्पांनी एक बरणी हातात फिरवून पाहिली.

"लई मोठी हाय."

मी म्हटलं, तेच तर. त्यांनी चौदाही बरण्या भरल्या. रविवारी दीड तासात वाटप उरकलं. वहीतल्या त्या कामावर मी रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात शाळेला जाता-येता अप्पा ओसरीवर दिसायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पुसून ठेवलेला बाक. मला वाटलं, आराम चाललाय. मुलगा हैदराबादला, घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा आराम करायला अडचणही नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच उठून गल्लीत निघाले. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ते सुगलाअक्काच्या दारात थांबले आणि सरबत कसं आहे म्हणून विचारलं.

"लई हाय अप्पा," ती आतूनच खुशीत म्हणाली. "अजून महिनाभर तुमची गरज न्हाई."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "अन् गुडघा?"

आत मिक्सर सुरू झाला होता. अप्पा मिक्सर थांबेपर्यंत उभे राहिले. तो थांबला, लगेच दुसऱ्यांदा सुरू झाला. ते पुढच्या दाराकडे न जाता घरी वळले.

माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. चौदा घरांच्या पोटांची आणि गुडघ्यांची खबर ठेवणाऱ्या माणसाला बाटली केवढी घ्यावी एवढं कळत नसेल, हे मी कशावरून धरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बरणी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पाऊणच्या वर भरलेली होती. वाटेत सुगलाअक्काकडे आणि आणखी दोघींकडे थांबून, त्यांनी अप्पांना काय सांगायचं, कुठल्या दिवशी सांगायचं, हे ठरवून दिलं. सुगलाअक्का कुरकुरली, पण हो म्हणाली.

"अप्पा," मी म्हटलं, "ही काही फ्रिजमध्ये बसत नाही."

माझा फ्रिज अप्पांनी पाहिलेला आहे. त्यात असल्या चार बरण्या सहज मावतील.

"न्हाईच बसायची," ते बरणीकडे बघत म्हणाले.

"सुगलाअक्काचीही बसत नाही म्हणे."

"व्हय का?" त्यांनी कपाटातून एक चपटी बाटली काढली, उजेडात धरून पाहिली, पातेल्यात पाणी चढवलं. मग खांद्यावरच्या पंच्याचं टोक सारखं करत म्हणाले, "बसा बाई. उकळायचं, गाळायचं. वेळ लागंल."

गाळायचं काही नव्हतं. बरणीतलं सरबत इतकं निवळ होतं की त्यातून पलीकडचा कट्टा दिसत होता. शाळेची घंटा व्हायला वीस मिनिटं होती.

मी चपला काढल्या आणि बाकावर बसले.