तीनशे चाळीस किलोंचा कायम भार

माणसाची स्वतःची उंची वाढायची थांबली, की काही वर्षांनी त्याला गाडीची उंची वाढवावीशी वाटते, हे आता सर्वमान्य आहे. गणिताच्या मास्तरांना ही इच्छा पन्नासाव्या वर्षी झाली. गाडी बावीस वर्षांची, चारही चाकांनी ओढणारी, दऱ्याखोऱ्यांसाठीच जन्मलेली. (आजवरची सर्वांत बिकट चढाई : शाळेच्या सायकल-स्टँडची पायरी.)

मिस्त्रींनी समजावलं, की उंच स्प्रिंगा तीन प्रकारच्या असतात : रिकाम्या गाडीच्या, थोड्या ओझ्याच्या आणि कायम ओझ्याच्या, आणि धक्के झेलणारे शॉकअप त्यांच्या जोडीचे घ्यायचे. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. गाडीत कायम किती वजन असतं? मास्तरांनी वहीत बिनचूक यादी केली. तंबू, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, चिखलातून गाडी ओढून काढणारं यंत्र, दोन जादा चाकं. एकूण तीनशे चाळीस किलो. (पैकी प्रत्यक्ष अस्तित्वात : एक छत्री. ती यादीत नव्हती.)

"मास्तर, आज आहे तेवढंच वजन सांगा," मिस्त्री म्हणाले. मास्तरांनी त्यांना दूरदृष्टीचं महत्त्व पटवून दिलं.

कायम ओझ्याच्या स्प्रिंगा बसल्या. गाडी पुढून दोन इंच, मागून चार इंच वर गेली आणि जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी उभी राहिली. घर ते शाळा दीड किलोमीटर, गतिरोधक अकरा. पहिल्याच दिवशी बाईंचं, म्हणजे त्याच शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांच्या पत्नीचं, डोकं टपाला नऊ वेळा लागलं. (उरलेल्या दोन गतिरोधकांवर त्या आधीपासूनच हवेत होत्या.) घरी येऊन त्यांनी शांतपणे जाहीर केलं, की या गाडीत आपण पुन्हा पाय ठेवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या बसने जाऊ लागल्या. मास्तरांचं काळीज तुटलं. बावीस वर्षं शेजारच्या सीटवरून कुणीतरी "डावीकडे बघा" म्हणत आलं होतं. आता डावीकडे काय आहे, हेच त्यांना कळेनासं झालं.

मिस्त्री म्हणाले, या स्प्रिंगा ओझ्याशिवाय दबतच नाहीत; एक तर त्या बदला, नाहीतर वजन आणा. बदलणं म्हणजे उत्तर चुकल्याची कबुली, आणि ते विद्यार्थ्यांचं काम. वाळूची पोती आणली, तर त्यातलं एक भर चौकात फुटलं. सबब स्वतःच्या पायांनी चढणारं आणि न सांडणारं ओझं हवं, असा निष्कर्ष निघाला.

मास्तरांनी नातेवाइकांचा तक्ता केला : नातं, वजन, अंतर, राग. (शेवटचा रकाना अपुरा पडला.) पहिल्या क्रमांकावर साडूभाऊ, एकशे अठरा किलो. मेहुणी शहाण्णव. त्यांचे दोन मुलगे मिळून एकशे सव्वीस. बेरीज तीनशे चाळीस, बाकी शून्य. मास्तरांच्या अंगावर काटा आला.

अडचण एवढीच, की सहा वर्षांपूर्वी साडूभाऊंनी याच गाडीला खटारा म्हटलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, आणि नवऱ्यांच्या मानापायी सख्ख्या बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी फोन लावला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. "साडूभाऊ, तुमच्यावाचून आमची गाडी नीट चालत नाही," ते म्हणाले.

"आमच्यावाचून कुणाचं काही अडतं, हे सहा वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय," साडूभाऊ म्हणाले. "कुठे बसायचं?"

"मागे. मध्यभागी."

रविवारी चौघे आले. बहीण बसतेय म्हटल्यावर बाईंनी शपथ मोडली. गाडी अकराही गतिरोधकांवरून अलगद गेली. दोघी बहिणी रडत होत्या, आणि बाई रडता रडता मास्तरांना डावीकडे बघायला सांगत होत्या. (शॉकअपच्या माहितीपत्रकात या परिणामाचा उल्लेख नाही.) खटारा बरा चालतोय, असं साडूभाऊंनी मान्य केलं. दर रविवारी या आणि वजन जपा, असं मास्तरांनी बजावलं.

वाचकहो, खुशाल हसा. तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा मऊ आहेत, तुमचं कुणावाचून काही अडत नाही. मागची सीट किती वर्षं रिकामी आहे, हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.