पंगतीतला वार्ताहर

नागोजीअण्णांना लग्नाला बोलवायचं असेल, तर आधी आचाऱ्याच्या मनाची तयारी करून ठेवावी लागते. अण्णा पानावर बसतात, पहिला घास घेतात, डोळे मिटतात आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा निकाल देतात, "उप्पु स्वल्प कम्मी!" म्हणजे मीठ जरा कमी. आमच्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा श्रीखंड खाऊनही हेच म्हणाले. त्या दिवसापासून माझ्या सासूबाई त्यांचं नाव काढत नाहीत.

अण्णा आमच्या वर्तमानपत्रात शिक्षणाच्या बातम्या लिहितात आणि मी डेस्कवर बसून त्या बातम्यांना कात्री लावते. मी पुण्याची, नोकरीसाठी बंगळुरात आलेली. ते चामराजपेटचे, कित्येक पिढ्यांपासून इथले. त्या इंग्रजी कचेरीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला 'अक्का' म्हणतात. माझं पुणेरी मराठी मात्र त्यांना सोसत नाही. "अक्का, तुम्ही बोलता की बातम्या वाचून दाखवता?" असं तोंडावर विचारतात.

शिक्षणाचे बाकीचे वार्ताहर मंत्र्यांच्या मागे धावतात. अण्णा दुपारी सरकारी शाळेत जेवायला जातात. मुलांना तिथे मधल्या सुट्टीत गरम जेवण मिळतं, त्याला सगळे 'बिसी ऊटा' म्हणतात. अण्णा चपला काढून मुलांच्या रांगेत मांडी घालतात आणि ताट पुढे करतात. चुरगळलेला शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. वाढणाऱ्या बायकांना वाटतं, असतील कुणाचे तरी आजोबा.

"आणि कोणी विचारलं तर?" मी एकदा म्हटलं.

"कोण विचारतंय? पोरं ताता म्हणतात, मी ओ देतो, संपलं की! खुर्चीवर बसलं तर पोरं पाठ केलेलं सांगतात, अक्का. शेजारी बसलं तर पोटातलं सांगतात."

असंच एकदा एका शाळेत मोठ्या मुली जेवायला बसेनात. "भूक नाही," म्हणायच्या. हेडमास्तरही म्हणाले, हल्लीच्या मुलींना भूकच नसते. अण्णा रोज जाऊन बसत राहिले, तेव्हा कळलं की ताटं कमी पडत होती. लहानांची जेवणं उरकून, ताटं धुऊन आपल्या हाती येईपर्यंत घंटा व्हायची, म्हणून त्या भूक नाही म्हणायच्या. अण्णांनी ते लिहिलं. 'भूक नाही' हेच मी मथळ्यात घेतलं. बरीच ओरड झाली आणि त्या शाळेत नवी ताटं आली.

त्याच बातमीला यंदा शैक्षणिक पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. प्रवेशिका संपादकांनी परस्पर पाठवली होती. कचेरीत पेढे वाटले गेले. अण्णा मात्र कुणी जप्ती आणल्यासारखे बसून होते.

"फोटो छापणार?" त्यांनी विचारलं.

"छापणारच."

"मग नको मला. ताटाचा छापा. त्याचंच तर कौतुक आहे."

"अहो, तोंड कळलं तर काय बिघडेल?"

"खुर्ची देतील, अक्का," अण्णा म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

समारंभ हेब्बाळच्या एका बड्या हॉटेलात झाला. इथल्या रिवाजाप्रमाणे अण्णांना मैसुरी पेटा घातला, शाल पांघरली, फळांची करंडी हातात दिली. एरवी या सगळ्यावर खेकसणारे अण्णा त्या दिवशी खूश होते. पेटा भुवयांपर्यंत ओढला, शाल हनुवटीपर्यंत घेतली आणि करंडी वर धरली. फोटोग्राफर "सर, करंडी स्वल्प खाली" म्हणून रडकुंडीला आला, पण अण्णा ढिम्म. फोटोत आलं ते एक नाक आणि बाजूला अननस. नंतर बुफेपाशी मोठ्या समाधानाने "उप्पु स्वल्प कम्मी" म्हणाले, ते नेमके गुलाबजामबद्दल.

सकाळी पेपर आला. पान लावणाऱ्या मुलाला अननसाच्या फोटोवर काम भागवणं पटलं नसावं. त्याने ओळखपत्रावरचा फोटो काढून, चांगला मोठा करून, चौकटीत छापला होता. त्यात अण्णांच्या चेहऱ्यावरचा तीळसुद्धा स्वच्छ दिसत होता.

दुपारी अण्णा माझ्या टेबलाशी आले. "अक्का, माझ्याबरोबर शाळेत येता? आमच्या घरामागच्या."

"तिथे काय बातमी आहे?"

"बातमी काही नाही."

"तिथली बातमी तुम्ही कधी दिल्याचं मला आठवतच नाही."

"दिलीच नाही की. बाकीच्या शाळांत कामाला जातो. इथं नुसता जेवायला जातो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शारदा गेल्यापासून घरी करून बघितलं. एका माणसापुरतं सांबार होत नाही, अक्का. उरतं. पुढच्या महिन्यात मी रिटायर. कचेरी सुटली तर सुटू दे, ही दुपार सुटायला नको."

शारदाकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. इतकी वर्षं हा माणूस दुपारी बातमीच्या मागे असतो असं आम्ही समजत होतो. मला फार वाईट वाटलं.

शाळेच्या फाटकातच हेडमास्तर हार घेऊन उभे होते. "सर, आधी सांगायचं ना, आम्हाला कल्पनाच नाही!" व्हरांड्यात टेबल मांडलेलं, त्यावर चादर, बाटलीतलं पाणी, केळीचं पान. आणि खुर्ची. स्वयंपाकाच्या बायका पदर सावरून भिंतीला टेकल्या होत्या. खाली मुलांची रांग शहाण्यासारखी गप्प बसली होती.

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. हार गळ्यातून काढून हातात घेतला.

"मला भूक नाही," ते म्हणाले.

त्या 'भूक नाही'चा अर्थ मला ठाऊक होता. हेडमास्तर "असं कसं, असं कसं" करत राहिले.

तेवढ्यात रांगेतल्या एका दोन वेण्यांच्या मुलीने शेजारच्या मोकळ्या जागेवर हात आपटला. आता माझ्या लक्षात आलं, सगळी रांग खेटून बसली होती आणि तेवढी जागा सोडलेली होती. समोर रिकामं ताटही होतं.

"ताता, बन्नी!" ती ओरडली. "किती उशीर? सांबार गार झालं."

अण्णांनी चपला काढल्या. हार हेडमास्तरांच्याच हातात दिला आणि खाली जाऊन मांडी घातली. मीही त्यांच्या पलीकडे बसले. एका बाईने भीतभीत भात वाढला, वर सांबार ओतलं आणि तिथेच उभी राहिली. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. मुलांनी हसू दाबलं. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं.

अण्णांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

"उप्पु सरी आहे," ते म्हणाले, "मीठ अगदी बरोबर."

मी घास घेतला. पाहुणा येणार या धास्तीने त्या बाया मीठ घालायलाच विसरल्या होत्या. मी आणखी भात मागून घेतला.