पूर्ण नाव सांगा

नेवासकर काकांच्या घरची बेल वाजवली, की दार उघडायच्या आधी आतून प्रश्न येतो, "पूर्ण नाव?"

"काका, मी मानसी."

"मानसी कोण? पूर्ण नाव सांगा."

बाहेर इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकचा बोचरा वारा कानात शिरत असतो, आपल्या हातात गरम साबुदाण्याच्या खिचडीचा डबा असतो, आणि दाराच्या भिंगातून काका आपल्याला स्वच्छ बघत असतात. तरीही "मानसी निखिल सबनीस" असं नवऱ्याच्या नावासकट खणखणीत सांगितल्याशिवाय दार उघडत नाही. पार्सलवाल्यांनाही सूट नाही. एका पोलिश पार्सलवाल्यानं एकदा गोंधळून वडिलांचं नावही सांगून टाकलं. तेव्हापासून तो काकांचा लाडका आहे.

काका म्हणजे दामोदर त्र्यंबक नेवासकर. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या मुंबईतल्या कार्यालयात, मतदार याद्यांच्या शाखेत, त्यांची अख्खी नोकरी गेली. ते रिटायर झाले, पुढे काकू गेल्या, आणि त्यांच्या लेकीनं, पल्लवीनं, त्यांना इकडे आणलं. इथे आल्याआल्या त्यांनी आमच्या मराठी मंडळाची घटना वाचायला घेतली. ती वाचणारे ते पहिलेच. लिहिणाऱ्यानंही वाचली नसावी, कारण ती कुठल्याशा क्रिकेट क्लबची जशीच्या तशी उचललेली होती आणि पाऊस आला तर वार्षिक सभेचं काय करायचं, याचं तिच्यात एक कलम होतं. त्याच घटनेत निवडणूक अधिकाऱ्याचं पद होतं आणि ते रिकामं होतं. काकांनी ते भरलं. स्वतःच.

'मुख्य निवडणूक अधिकारी व अभिलेखपाल' हे त्यांचं पद. इंग्रजीत ते नुसतं 'सीईओ' लिहीत. त्यापायी एक प्रकार घडला. पुण्याहून नुकताच आलेला एक सॉफ्टवेअरवाला गणपतीच्या जेवणात मुद्दाम काकांच्या शेजारी जाऊन बसला. फोनमध्ये सीव्ही तयार होता.

"सर, आय अ‍ॅम ओपन टू एनी रोल," तो नम्रपणे म्हणाला.

"रोल?" काका खुलले. "वा! माझ्याकडे रोलचंच काम आहे. इलेक्टोरल रोल."

बिचाऱ्यानं पुढचे कित्येक रविवार मंडळाच्या सभासदांची नावं अकारविल्हे लावण्यात घालवले.

आता आमच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी कधीच चुरस नसते. दरवर्षी कुणाला तरी पकडून बसवावं लागतं आणि तो पळू नये म्हणून लगेच टाळ्या वाजवाव्या लागतात. काकांना मात्र टाळ्या मान्य नाहीत. एकच उमेदवार असला तरी हो किंवा नाही असं मतदान व्हायलाच हवं. त्यासाठी बॅडमिंटनच्या घामाचा वास मारणाऱ्या कम्युनिटी हॉलमध्ये ते टेबल मांडतात, बुटांचा खोका उलटा करून सगळ्यांना रिकामा असल्याचं दाखवतात आणि मग एकेकाला पुढे बोलावतात.

"पूर्ण नाव सांगा."

आपण सांगायचं. काका ते नाव हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारणार आणि विचारणार, "कुणाची हरकत?" मग सगळीकडे नजर फिरवून डाव्या तर्जनीवर पर्मनंट मार्करची रेघ.

एका वर्षी निखिलला काय अवदसा आठवली कोण जाणे. माझं नाव पुकारल्यावर तो मागून ओरडला, "हो, माझी आहे!" सगळे हसले. काका हसले नाहीत. हरकत दाखल झाली, मला बाजूच्या खुर्चीत बसवण्यात आलं, आणि निखिलला घरी जाऊन माझा पासपोर्ट आणावा लागला. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात हरकत हा शब्द कुणी काढला नाही.

इथल्या खऱ्या निवडणुकीनं मात्र काकांना मोठा धक्का दिला. कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांनाही इथे मत देता येतं, म्हणून कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, इलेक्शनला मीच त्यांना पोलिंग स्टेशनवर नेलं होतं. ते बाहेर आले ते पांढरेफटक पडून.

"मानसी, पेन्सिल! दोरीला बांधलेली पेन्सिल! शाई नाही, पोलीस नाही. माझ्या पुढच्या बाईंनी तर कुत्रा आत आणला होता."

"मग काय झालं, काका?"

"काही नाही. शांतपणे बसला होता," ते जरा नाइलाजानं म्हणाले. "पण त्या क्लार्कनं माझं नाव विचारलं, आणि माझ्याआधी स्वतःच वाचून मोकळी झाली. तेही चुकीचं."

तर यंदा आमचा अध्यक्ष समीर कमिटी मीटिंगमध्ये म्हणाला, "फोनवर पोल टाकू ना. टू मिनिट्स जॉब आहे. मंडे मॉर्निंगला क्लायंट माझ्या बोटाकडे बघून विचारतो, इज दॅट अ टॅटू? लोकांना ऑक्वर्ड होतं यार." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांना सांगायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

शनिवारी सकाळी मी गेले. दाराबाहेर पूर्ण नाव सांगितलं, आत जाऊन चहा घेतला आणि सांगून टाकलं.

"म्हणजे टेबल नाही?" काकांनी विचारलं.

"नाही."

"आणि नाव कोण विचारणार?"

"फोनला माहीत असतं, काका."

बिनसाखरेचा चहा ते उगाचच ढवळत राहिले. मला वाटलं, आता घटनेतलं एखादं कलम अंगावर येणार. पण ते म्हणाले, "मालतीनं माझं नाव कधी घेतलं नाही. अहो, एवढंच."

"लग्नात घेतलं असेल की, उखाण्यात."

"तेव्हा बँड वाजत होता. मला काही ऐकू आलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. लग्न नवीन होतं. मतदार यादीच्या तपासणीसाठी घरोघर फिरायचं होतं आणि त्यांच्या वाट्याला नेमकी त्यांचीच इमारत आली. एकेक घर करत ते स्वतःच्या दाराशी पोचले आणि कडी वाजवली.

"ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, किल्ली विसरलात का? म्हटलं, नाही, सरकारी कामासाठी आलोय. पूर्ण नाव सांगा. म्हणाली, इश्श, तुम्हाला ठाऊक नाही? म्हटलं, ठाऊक असून चालत नाही, मतदारानं स्वतः सांगायचं असतं. शेजारी बघायला जमले. शेवटी तिनं असा पदर धरला..." काकांनी मफलर तोंडावर धरला. "आणि म्हणाली, मालती दामोदर नेवासकर."

मफलरमागे काका चक्क लाजले होते.

"पुढे मला बढती मिळाली, तरी आमची इमारत मीच करायचो. साहेब म्हणायचे, नेवासकर, कारकुनाला पाठवा. म्हटलं, नको साहेब, तिथे एक मतदार फार अवघड आहे."

मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं. पल्लवी त्यांना बाबा म्हणते, आम्ही काका म्हणतो, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट मिस्टर डेमो म्हणते. दामोदर म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. घरी येताच मी मंडळाची घटना वाचायला काढली, आणि त्या क्रिकेट क्लबचं भलं होवो, मला हवं ते कलम सापडलं. मतदानाची पद्धत बदलायची तर तो ठरावसुद्धा जुन्या पद्धतीनंच, निवडणूक अधिकाऱ्यासमोर, मतदानानं व्हायला हवा. समीरनं कपाळावर हात मारला.

म्हणून यंदाच्या सभेत काकांचं टेबल पुन्हा मांडलं गेलं. काकांची ती गोष्ट मी फक्त निखिलला सांगितली होती. निकाल आधीच सांगून टाकते. टेबल राहिलं. समीरनंही नंतर कबूल केलं, की आपल्या वडिलांचं, आप्पांचं, नाव मोठ्यांदा ऐकू येण्याची तेवढी एकच जागा या गावात आहे. पण मला सांगायचंय ते मतमोजणीच्या आधीचं.

सगळ्यांचं मतदान झालं आणि काका एकटेच राहिले. अधिकाऱ्यानं स्वतःचं नाव स्वतःच पुकारायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि इतरांसारखे मुकाट उभे राहिले.

"पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले.

काकांनी मफलर तोंडावर धरला. डोळे हसत होते.

"दामोदर मालती नेवासकर."

चहाच्या थर्मासशी उभी असलेली पल्लवी कप हातात घेऊन तशीच थांबली. मी ते नाव हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा उच्चारलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. निखिलनं तर दोन्ही हात खिशात घातले होते. मी मार्करचं टोपण काढलं आणि काकांचं बोट हातात घेतलं.