सात वाजता काळी होणारी स्क्रीन

बी झुहुरांच्या, म्हणजे झुहुराबाईंच्या, कॉम्प्युटरची स्क्रीन रोज सात वाजता काळीठिक्कर पडायची. आमच्या टांझानियातल्या टांगा शहरात सूर्य उगवून तास झाला की एक वाजतो, त्यामुळे सात म्हणजे ऐन दुपार, हे काही कुणाला सांगायला नको. काळ्यावरची पांढरी अक्षरं बाईंच्या थकल्या डोळ्यांना दिसतच नसत. आणि शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पुस्तक पुढच्या शुक्रवारी छापखान्यात द्यायचं होतं. नाही दिलं, तर हेडमास्तर ते काम कोम्बो मास्तरांना देणार होते. तीस वर्षं बाईंनी शिकवलं, आणि पुस्तक लिहिणार कोण, तर कोम्बो! नुसत्या विचाराने त्यांच्या अंगाची लाही होई.

"मी तक्रार करते," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"कर की. तीस वर्षं शाळेत दुसरं काय केलंस?" बंदरातून निवृत्त झालेले सेफू कॉफीचा घोट घेत म्हणाले.

लिहायचा तो प्रोग्राम फुकटचा होता आणि तो सांभाळणारा वेइक्को फिनलंडमध्ये राहायचा. बाईंनी खरमरीत पत्र धाडलं: सात वाजता स्क्रीन काळी होते!

उत्तर लगेच आलं. "बाई, सातला व्हायलाच हवी. दिवस संपतो ना."

"संपतो? अहो, इथे सूर्य डोक्यावर तळपतोय!"

"उन्हाळ्यात आमच्याकडेही सातला लख्ख ऊन असतं," वेइक्कोने समजुतीने लिहिलं. "उद्या दहाला फोन करतो, तुमच्या वेळेने."

फोन आला सकाळी चारलाच, म्हणजे वेइक्कोच्या दहाला. बाई तेव्हा बाजारात मासे निवडत होत्या. उन्हं कलल्यावर, बरोबर दहाला, त्या कांग्याचं नवं रंगीत वस्त्र नेसून फोनसमोर बसल्या. फोन वाजेल तर शपथ.

"काय माणसं ही! वेळ द्यायची आणि पाळायची नाही!"

सेफूंनी उठून प्रोग्रामची सेटिंग उघडली. 'काळी स्क्रीन केव्हा?' यापुढे बाईंनी लिहिलं होतं: संध्याकाळी एक.

"अगं, परदेशी जहाजांचं घड्याळ वेगळं असायचं, तसंच हे. आपला संध्याकाळचा एक म्हणजे त्यांचे सात. आणि त्यांचा एक म्हणजे आपली भर दुपार. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ कधी बघितलंस का?"

"ते परकं घड्याळ मी कशाला बघू?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पडला होता. त्यांनी एक खोडून सात घातले. दुसऱ्या दुपारी स्क्रीन पांढरीशुभ्र राहिली. मग त्यांनी वेइक्कोला सगळं कळवून मनापासून माफी मागितली. अशी माफी त्यांनी सेफूंचीसुद्धा कधी मागितली नव्हती.

"चूक आमचीच," त्याने लिहिलं. "बघतो काय करता येतं ते."

गुरुवार उजाडला. शेवटची चार पानं राहिली होती. सकाळी प्रोग्राम आपोआप नवा झाला, आणि सातच्या ठोक्याला स्क्रीन काळी!

बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं. सेफूंनी वेइक्कोची चिठ्ठी वाचली. "खास तुमच्यासाठी आता टांगा शहराचं घड्याळ घातलं आहे."

"घ्या! आपल्याकडे संध्याकाळी सात वाजतातच कुठे? त्याने दुपारचे सात धरले. बोलव आता कोम्बोला," सेफू म्हणाले.

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं, सात खोडले आणि एक घातला. स्क्रीन लख्ख पांढरी झाली. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे मी पहिल्या दिवशी लिहिलं तेच बरोबर होतं!"

"आता चार पानं लिही, बाई."

लिहिली. पुस्तक शुक्रवारी वेळेवर गेलं. मात्र त्याआधी वेइक्कोला एक ओळ गेली: मागितलेली माफी परत घेत आहे, नोंद घ्यावी.